बिळाच्या तोंडाशी

दिवाळीच्या आगेमागे भातसानगरच्या आसपासची खाचरं रिकामी होतात आणि बांधांतली उंदरांची बिळं उघडी पडतात. कातकरी पोरं कुदळ घेऊन निघतात, पुढे कुत्रा. तो एकेक बीळ हुंगत जातो, एका ठिकाणी थबकतो, शेपूट ताठ होते आणि पुढच्या पायांनी माती मागे उडू लागते. आत उंदीर असतो, आणि त्याने साठवलेल्या भाताच्या लोंब्याही. या गावठी कुत्र्याला कुणी जात विचारत नाही. तरी टेरिअर म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने पहिला धडा याच बांधावर गिरवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

लॅटिनमध्ये ‘तेरा’ म्हणजे जमीन. जमिनीत शिरणारा तो टेरिअर. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटा ग्रंथ लिहिला, त्यात कोल्हा आणि बिज्जू यांच्या बिळात घुसणारा हा कुत्रा आहे. म्हणजे हे नाव आधी कामाचं. जातीची वंशावळ पुष्कळ नंतरची. शरीरही त्या कामानेच घडलं. अरुंद छाती, आखूड पाय, मजबूत जबडा, आणि बिळातून ओढून काढायला मुठीत मावेल अशी शेपूट. स्वभावाचंही तेच. अंधाऱ्या बिळात धन्याचा हुकूम ऐकू येत नाही. तिथे निर्णय कुत्र्यानेच घ्यायचा आणि भुंकून आपली जागा वर कळवायची. आज फ्लॅटमध्ये हाच कुत्रा सोफा उकरतो, भुंकत सुटतो, हाक मारली तरी येत नाही, म्हणून घरचे त्याला हट्टी ठरवतात. मला या शब्दाचं फार वाईट वाटतं. शेकडो वर्षं ज्या गुणासाठी त्याला निवडलं, तोच आता त्याचा दोष ठरला.

इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली. जॅक रसेल टेरिअर या जातीचं नाव त्यांच्यावरूनच आलं. शिकारीच्या धांदलीत कुत्रा कोल्ह्यासारखा दिसू नये म्हणून पांढरा रंग पसंत केला गेला. मात्र जन्मजात बहिरेपणाचा धोका पांढऱ्या रंगाबरोबर वाढतो. म्हणून पांढरं पिल्लू घेताना त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहावी. भावंडांच्या गोंगाटात बहिरं पिल्लू सहज लपून जातं. आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पहिला टेरिअर पाहिला तो ग्रामोफोनच्या तबकडीवर, कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला. त्या निपर नावाच्या कुत्र्याचा जन्म १८८४ मध्ये ब्रिस्टलचा, आणि त्याचं ते चित्र फ्रान्सिस बॅरॉड यांनी त्याच्या मृत्यूनंतर काढलं.

निगेचं शास्त्रही बिळापासूनच सुरू होतं, आणि आपल्या भागात ते विलायती पुस्तकांपेक्षा वेगळं आहे. जिथे उंदीर तिथे घोणस. बीळ हुंगणाऱ्या कुत्र्याला दंश बहुतेक नाकातोंडावर होतो. अशा वेळी पाला चोळण्यात वेळ न घालवता त्याला उचलून थेट पशुवैद्याकडे न्यावं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस खाचरातल्या पाण्यात उतरतो, म्हणून रेबीजच्या लशीबरोबर त्याचीही लस दरवर्षी टोचून घ्यावी. सगळ्यात कपटी धोका मात्र माणसानेच ठेवलेला असतो. उंदरांसाठी भरड्यात कालवलेली काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. ती पोटात गेली की विषारी वायू तयार होतो. दुसऱ्या प्रकारची औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि मेलेल्या उंदरातूनही कुत्र्याला भोवतात. शेजारच्या शेतात औषध टाकलं असेल तर त्या आठवड्यात कुत्रा साखळीवरच ठेवावा, तो कितीही रडला तरी.

पावसात पायाच्या बोटांमधली जागा रोज कोरडी करावी, कानाच्या घडीत गोचीड शोधावेत. भूक गेली, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या, तर गोचिडांच्या तापाची शंका घ्यावी. निरोगी हिरडी बोटाने दाबून सोडली की साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ही खूण घरातल्या लहान मुलांनाही शिकवून ठेवावी. लांब रेशमी केसांचा यॉर्कशायर टेरिअर इथल्या दमट हवेत पाळायचा असेल तर रोज विंचरायची तयारी हवी. ती नसेल तर आखूड केसांचाच घ्यावा.

मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे; तिथे शिकलेल्यांकडून पुष्कळ समजून घेता येईल. पण या विषयात नव्याने येणाऱ्याने वही घेऊन आधी शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या बांधावर सकाळ काढावी. बिळाच्या तोंडाशी माती ओली, भुसभुशीत असेल तर उंदीर आत आहे, आणि तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर बीळ रिकामं. कातकरी पोरं तुम्हाला हे दाखवतील. कुत्र्याला ते दाखवावं लागत नाही.