कार्डावरच्या शेवटच्या अंकाचे कूळ

बँकेच्या कार्डावर बहुधा सोळा अंक असतात. सुरुवातीचे सहा ते आठ अंक कार्ड देणाऱ्या संस्थेचे, मधले खातेदाराचे. शेवटचा मात्र दोघांचाही नाही. तो आधीच्या पंधरांवरून हिशेबाने काढलेला तपासणी अंक असतो. हा अंक सोडून उरलेल्यांत उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक दुप्पट करायचे, दुपटीत दोन अंक आले तर ९ वजा करायचे आणि एकूण बेरीज दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी बसवायचा. ५२७ घेतले तर सातचे चौदा, म्हणजे ५, दोन तसाच, पाचाचे दहा, म्हणजे १. बेरीज ८, म्हणून तपासणी अंक २.

ही रीत क्रेडिट कार्डांसाठी शोधली गेली, असे सर्रास सांगतात. पण हान्स पीटर लून यांनी पेटंटचा अर्ज केला ६ जानेवारी १९५४ रोजी, चुंबकीय पट्टीचे कार्ड येण्याच्या कितीतरी आधी. रीत संगणकातून आली, हे दुसरे मत. लून आयबीएममध्ये होते आणि १९६० साली मंजूर झालेल्या त्या पेटंटच्या नावात ‘कॉम्प्युटर’ हा शब्दही आहे, म्हणून ते पटण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात पेटंट आहे ते हातात मावणाऱ्या यांत्रिक उपकरणाचे. बेरीज यंत्र करी. दुप्पट करून ९ वजा करण्याचे काम यंत्राकडे नव्हतेच. त्या फेरफाराने येणारे अंक, ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९, उपकरणाच्या अंगावरच छापलेले होते.

अशीच आधी छापून ठेवण्याची युक्ती लून यांच्या कापडधंद्यातल्या कामातही दिसते. जर्मनीतल्या बार्मेन गावी जन्मलेले लून आयबीएमच्या आधी वस्त्रोद्योगात होते. ‘लूनोमीटर’ हे धागे मोजण्याचे साधन त्यांचेच. बारीक रेघा आखलेली ती पट्टी कापडावर ठेवली की धागे आणि रेघा मिळून एक नक्षी उमटते आणि धाग्यांची दाटी आकड्यावर वाचता येते. मोजणी आखणीत आधीच करून ठेवलेली. माणसाने फक्त वाचायचे. दोन्ही साधनांमागची युक्ती सारखी आहे. एकीवरून दुसरी सुचली की हा योगायोग, हे मात्र सांगता येत नाही.

त्या छापील ओळीतच रीतीचा दोषही आहे. तिच्यात ० आणि ९ जागचे हलत नाहीत, त्यामुळे ०९ च्या जागी शेजारशेजारचे अंक उलटून ९० पडले तर चूक पकडली जात नाही. एकच अंक चुकला तर ती हमखास सापडते. याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीत ही उणीव नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने काढतात.

बँक खात्यांचे मात्र निराळे. युरोपातल्या ‘आयबॅन’ या खातेक्रमांकात ९७ ने भागून ठरवलेले दोन तपासणी अंक असतात. भारतात खातेक्रमांकाची लांबीसुद्धा बँकेगणिक बदलते आणि सर्व बँकांना समान असा तपासणी अंक नाही. म्हणून पैसे पाठवताना क्रमांक दोनदा वाचावा आणि नाव दिसत असेल तर तेही ताडून पाहावे.