लिटरला दोन सिरिंज तेल

माळव्यातल्या मराठी घरांच्या आठवणींत वाडे, गणपती, पुरणपोळ्या पुष्कळ झाल्या. आज जरा पेट्रोलच्या वासाचं लिहितो.

सरदारपूर म्हणजे महीकाठची जुनी इंग्रजी छावणी, माळवा भिल कोअरचं ठाणं. संस्थानी काळात भोवतालचा मुलूख ग्वाल्हेरच्या अमझेरा जिल्ह्यात होता. १९७० नंतर बाबा तिथे गुरांच्या दवाखान्यात होते. भिलांचे फळिये लांब लांब पसरलेले. डांबर संपलं की मुरूम, नाले आणि वाळू. अशा वाटेला गाडी एकच, राजदूत! पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बनवलेली, १७३ सीसीची टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगला वेगळं तेल मिळत नाही. पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच. त्यामुळे टाकीत काय मिसळलं, यावरच सगळं. स्कूटरवाले लिटरला २० मिली घालत, म्हणजे १:५०. बाबा राजदूतला ४० मिली घालत, म्हणजे १:२५. माप कसलं? दवाखान्यातून बाद झालेली २० मिलीची काचेची सिरिंज. लिटरला दोन भरायच्या, की झालं.

पावसाळ्याआधी घटसर्पाची लस घेऊन जायचं असे. थर्मासात बर्फ, बर्फात लस. तेल कमी पडून पिस्टन पकडला, तर वाटेतच बर्फ वितळणार, लस वाया जाणार आणि पहिल्या पावसात कुणा गरिबाची बैलजोडी जाणार. त्या सिरिंजेवर एवढं अवलंबून होतं.

“मग जास्तच घाला की!” असं लोक म्हणत. पण जास्त तेलानं प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बननं तुंबतो. शिवाय तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट तापतं. कुणी मोटारीचं साधं इंजिन ऑइल ओतत. ते नीट जळत नाही, राख धरतं. बाबा टूटी तेलच आणत, आणि टाकीत ओतण्याआधी डब्यात पेट्रोलबरोबर घुसळून घेत.

झाबुआच्या वाटेवर माछलिया घाट. उतारावर थ्रॉटल बंद ठेवला, तर इंजिन फिरत राहतं पण पेट्रोल अगदी थोडं जातं, म्हणजे तेलही थोडंच. म्हणून बाबा उतरताना मधूनमधून थोडा थ्रॉटल देत. पेट्रोल वाचवायला निघालेल्यांना हे पटत नसे.

पुढे धुरापायी या गाड्यांचे दिवस भरले. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानं सुट्या टूटी तेलाची विक्रीच बंद झाली. धूर गेला ते बरंच झालं. पण कमीही नको, जास्तही नको, हे आम्हा भावंडांना कुणी उपदेश करून नाही शिकवलं, त्या सिरिंजेनं शिकवलं.

तुमच्या घरी राजदूत, जावा, लुना होती का? माप काय होतं? जरूर सांगा.