हक्काचा अर्ज

शेतीचा हंगाम सरला किंवा पावसाने दगा दिला, की ज्या शेतमजुराची रोजी बुडे, त्याने सरकारदरबारी जे मागावयाचे ते दान नव्हे, तर कायदेशीर हक्क होय, हे तत्त्व महाराष्ट्राने ज्या सायासाने प्रस्थापित केले, त्याचा इतिहास आदराने स्मरण्याजोगा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीच्या या कल्पनेचा प्रयोग आरंभिला; पुढे १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्यास आणि पाझर तलाव खोदण्यास लोटले, तेव्हा तिची निकड सर्वांस पटली. शहरी नोकरदारांवर १९७५ साली व्यवसायकर बसवून या योजनेच्या खर्चाची तजवीज झाली, आणि १९७७ साली रोजगार हमी कायदा मंजूर झाला.

त्यातील मर्म मुदतीत होते: मजुराने कामाची मागणी अर्जाने केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास त्यास दररोज किमान १ रुपया बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक ठरले. रक्कम अल्प होती. परंतु विलंबाचा भुर्दंड मजुराने नव्हे, तर शासनाने सोसावा, हा न्याय थोर होता. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यानेही हीच १५ दिवसांची मुदत स्वीकारली. म्हणून मजुराचा अर्ज दाखल होताच त्यास तारखेची पोच देणे, हे प्रत्येक कचेरीचे आद्य कर्तव्य होय; कारण पोचेवाचून मुदत सिद्ध होत नाही, आणि मुदतीवाचून हक्क केवळ कागदावर उरतो.