घरच्या संगणकावरील माहिती किती सुरक्षित?

सोलापूरलगतच्या कुंभारी येथील रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ रोजी असंघटित कामगारांना १५ हजार घरे सुपूर्द करण्यात आली. घराचे दस्त आणि वास्तुशांतीची छायाचित्रे आता अनेक कुटुंबांत संगणकावर ठेवली जातात. नोंदणीकृत दस्ताची नक्कल पुन्हा मिळू शकते. छायाचित्रांचे तसे नसते.

हार्ड डिस्क बंद पडली तर लगेच कळते. डिस्क चालू असताना फाइल नकळत बिघडणे अधिक घातक. डिस्कवर फायली कशा साठवायच्या, हे ठरविणाऱ्या प्रणालीस ‘फाइल सिस्टिम’ म्हणतात. विंडोजमधील एनटीएफएस किंवा लिनक्समधील एक्स्ट४ या प्रणाली फाइलमधील मजकूर शाबूत आहे की नाही, हे तपासत नाहीत.

ही उणीव भरून काढणाऱ्या ‘झेडएफएस’चे काम सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक व मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये सुरू केले. यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा ‘चेकसम’ वेगळा नोंदला जातो आणि वाचताना ताडून पाहिला जातो. नवी माहिती जुन्या माहितीवर न लिहिता दुसऱ्या जागी लिहिली जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधीची माहिती टिकते.

ही प्रणाली लिनक्सवर आणण्यात पुण्याचाही वाटा आहे. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कामाचा आधार घेऊन पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने २०१० मध्ये आपली आवृत्ती तयार केली. एप्रिल २०११ मध्ये ही कंपनी एसटेकने विकत घेतली आणि काम थांबले. मात्र ते पुढे प्रयोगशाळेच्या आवृत्तीत सामावले गेले.

तरीही ही हमी पूर्ण नाही. एकाच डिस्कवर बिघाड समजतो. पण फाइल दुरुस्त होण्यासाठी दुसरी प्रत लागते. त्यासाठी दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी ‘मिरर’ रचना करावी आणि ‘स्क्रब’ ही तपासणी महिन्यातून एकदा चालवावी. लिनक्समध्ये २००९ पासून असलेली ‘बीटीआरएफएस’ प्रणालीही हे काम करते. मात्र तिच्यातील रेड ५ व ६ या रचना टाळाव्यात.

चुकून पुसलेली फाइल ‘मिरर’मधील दोन्ही डिस्कवरून जाते. व्हायरस, चोरी किंवा आगीपुढेही ही रचना निरुपयोगी ठरते. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द ओपनझेडएफएसमध्येच फायलींच्या प्रती सदोष बनविणारा दोष उघडकीस आला. २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांत तो दूर करण्यात आला. पण चुकीची माहितीच बरोबर म्हणून नोंदली गेल्याने चेकसमला तो पकडता आला नव्हता. म्हणून प्रणाली कोणतीही असो, एक प्रत वेगळ्या डिस्कवर, घराबाहेर ठेवणे आवश्यक आहे आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहायला हवे.