पांघरुणाची लोखंडी पिन

घोंगडीची खोळ केली की आपल्याकडे पिन लागत नाही. आयर्लंड-ब्रिटनमध्ये मात्र जाड लोकरी पांघरूण खांद्यावर अडकवायला दोन हजार वर्षांपूर्वीपासून ब्रोच वापरत. डब्लिनच्या संग्रहालयातला इ. स. ७०० च्या सुमाराचा 'तारा ब्रोच' प्रसिद्ध आहे. तो १८५० मध्ये बेटिसटाउनला सापडला. तारा टेकडीशी त्याचा संबंध नाही; ते नाव प्रतिकृती खपवणाऱ्या एका जवाहिऱ्याने दिले! पण तो चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. फायलींना टाचण्या टोचण्यात नोकरी चाललेल्या आम्हाला ओढ आहे ती साध्या लोखंडी ब्रोचची.

लोहार सळई लाल करून ऐरणीवर ठोकत लांबवतो, टोके निमुळती करून गुंडाळतो, मग वाकवून कडे करतो. कडे पूर्ण मिटवायचे नाही, फट ठेवायची. पिनेचे डोके चपटे करून कड्याभोवती वळवायचे, पण सैल, नाहीतर ती सरकणार नाही. पिन कापडातून काढून फटीतून वर घ्यायची आणि कडे थोडे फिरवायचे. कापडाचा ताणच तिला धरून ठेवतो. स्प्रिंग नको, काही नको. वॉल्टर हंटने सेफ्टीपिनेचे पेटंट घेतले ते १८४९ मध्ये.

ओल्या मातीत लोखंड गंजते. म्हणून सरदारांची चांदी काचेच्या कपाटात आली आणि शेतकऱ्यांच्या पिना बहुतेक मातीतच विरघळल्या. आता तिकडचे हौशी लोहार त्या पुन्हा घडवतात. चित्र दाखवले तर आमच्याकडचा घिसाडीही सहज करून देईल.