ग्रंथालय आणि आरोग्यज्ञान

आरोग्याविषयीची खात्रीची माहिती मराठी वाचकास सुखासुखी मिळाली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. घरात जे विचारता येत नसे ते वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे निःसंकोच उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही! मासिक मात्र १९५३ पर्यंत चालले. पुढे १९९७ साली मुंबईतच डॉ. अनिरुद्ध व डॉ. अंजली मालपाणी यांनी रुग्णांसाठी विनामूल्य ग्रंथालय उघडले. प्रश्न विचारण्याचे भय तोवर बरेच ओसरले होते. योग्य पुस्तक हाती देणारे कोणी हवे होते.

सीतापुऱ्यातील आमच्या कपाटात कादंबऱ्यांशेजारी घरगुती उपचारांची जुनी पुस्तके असत. जुलाब होत असता मुलास पाणी देऊ नये, असे एकात छापले होते. आमच्या घरी ते निष्ठेने पाळले गेले आणि मुलास सलाईन लावावे लागले. छापील अक्षरावरील आमची श्रद्धा! ते पुस्तक आम्ही काढून टाकले. आता लेखकाची पात्रता व आवृत्तीचे साल पाहूनच पुस्तक घेतो. तो खण अद्याप अर्धा रिकामाच आहे.