माजी वायुसैनिकांची सहल म्हणजे नुसतं फिरणं नव्हे!

माजी सैनिक संघटनेची सहल निघाली की टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, आता फिरायचंच काम." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बातमीदारीच्या निमित्ताने अशा दोन-तीन सहलींना मी गेलोय. कधी नसरापूरचं बनेश्वर, कधी घोरपडीचं युद्ध स्मारक, कधी साताऱ्याकडे मिलिटरी अपशिंगे. त्या बसमध्ये जो इतिहास ऐकला, तो मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. विशेषतः हवाई दलाचा.

थोडं मागे जाऊ. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली. विमानं किती? चार वापिती. माणसं? सहा अधिकारी आणि १९ 'हवाई सिपाही'. म्हणजे पहिल्या दिवसापासून उडवणारे थोडे आणि विमान उडण्याजोगं ठेवणारे जास्त. पुढे १९३९ मध्ये मुंबईच्या संरक्षणासाठी आपल्या पुण्यात लोहगावचा तळ झाला. आज तिथून सुखोई उडतात आणि आपण मान वर करून बघतो.

आपल्या सारोळ्याची जागा बघा. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा. तोच हायवे पुढे साताऱ्याकडे जातो, आणि तिथलं मिलिटरी अपशिंगे देशभर माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. गावाने ती आठवण जपली, कारण पायदळात एका भागातली पोरं बहुतेक एकाच रेजिमेंटला जातात. मराठा लाईट इन्फन्ट्री म्हटलं की घराघरात कुणीतरी निघतं. एकत्र लढले, एकत्र आठवले गेले.

हवाई दलाचं तसं नाही. पोरगा भरती झाला की बेळगावजवळ सांबऱ्याला ट्रेनिंग, मग ट्रेडप्रमाणे कुणी बंगळूरला जालहळ्ळीत, कुणी तांबरमला. तिथून एकेकट्याची पोस्टिंग. एक आदमपूरला, दुसरा तेजपूरला, तिसरा जामनगरला. शेजारच्या गावातला माणूस त्याच खात्यात आहे, हे वीस वर्षं कळत नाही. गावी परतल्यावर लोक विचारतात, "विमान चालवायचा का?" नाही म्हटलं की लोकांचा रसच संपतो.

म्हणून या लोकांना संघटना हीच पलटण आणि सहल हीच परेड. बसमध्ये अजून 'सार्जंट', 'वॉरंट साहेब' अशाच हाका. घोरपडीच्या स्मारकात मिग-२३ उभं आहे. आपण त्याच्यासमोर फोटो काढतो. हे लोक विमानाच्या पोटाखाली वाकून बघतात आणि कुठल्या झाकणात हात घालताना बोटं सोलायची ते सांगतात. एका काकांनी १९७१ च्या ब्लॅकआऊटच्या रात्री सांगितल्या. टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवून काम चालायचं. "विमानं गेली की आम्ही मोजत बसायचो. जेवढी गेली तेवढी आली की मगच चहा." हे सांगताना काका मध्येच थांबले. कुणी काही विचारलं नाही.

वैमानिकांचा इतिहास लिहिला गेलाय आणि तो लिहायलाच हवा. दिलीप परुळकर हे आपल्या मराठी माणसाचं नाव. १९७१ मध्ये ते युद्धकैदी झाले. १३ ऑगस्ट १९७२ ला दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सीमेच्या अगदी जवळ, लंडी कोतलला पकडले गेले. त्यावर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले, पण त्यांची गोष्ट मागे राहिली.

आपल्या फिटरकाकांची कोण लिहिणार? २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून ते सेवेत होतं. त्याला निरोप द्यायला चंदीगडला केवढा मोठा सोहळा झाला. ज्यांनी आयुष्यभर त्याचे नट आवळले, त्यांनी तो गावात मोबाईलवर बघितला.

सहलीचा आणखी एक उपयोग आहे. जेवणाच्या पंगतीत कळतं की कुणाच्या विधवेची कुटुंब पेन्शन अडकलीय, कुणाचं ईसीएचएस कार्ड झालेलं नाही, कुणाचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला राहिलाय. एकट्या राहणाऱ्या मावशी ऑफिसात जायला बिचकतात, पण बसमध्ये मोकळं बोलतात. अशी कामं पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाणारे हेच सत्तरी ओलांडलेले लोक.

१९७१ ला वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकलाय. दर सहलीत एक-दोन सीट रिकाम्या होतात. म्हणून विनंती एवढीच. घरात, भावकीत कुणी हवाई दलात असेल तर मोबाईल समोर ठेवा आणि विचारा : ट्रेड कोणता, ट्रेनिंग कुठे, पोस्टिंग कुठे-कुठे, ६५ला, ७१ला, कारगिलला कुठे होता? डिस्चार्ज बुक आणि जुन्या फोटोंचे फोटो काढून ठेवा. शाळांनी १५ ऑगस्टला त्यांना नुसता नारळ देण्याऐवजी अर्धा तास बोलू द्यावं. ग्रामपंचायतींनी गावातल्या सगळ्या माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावावा, त्यात दल आणि ट्रेडही लिहावा.

आणि पुढच्या वेळी सहलीची बस दिसली तर हात करा. आत बसलेल्यांनी देशाची विमानं उडती ठेवलीत.

जय हिंद.